पिठाला पानी कोनी लावलं

मी तशी ह्याच पनवेलची, म्हंजे शहराची नाय, खाडीकडच्या गावाची, ते गाव आता तुमाला दिसनार नाय, तिथं विमानतळाचा भराव पडला, डोंगर फोडून खाडीत टाकला आन् आमची घरं, भातशेती, बांध, सगळं त्याच्या खाली गेलं. पन मी जन्मले तेव्हा गाव चांगलं नांदतं व्हतं. वरच्या अंगाला आगऱ्यांची घरं, मधी देऊळ, आन् खाली खाडीच्या बांधाला लागून आमची दहाबारा घरं. तेव्हा त्याला महारवाडा बोलायचे, मंग आमी बौद्ध झालो तसा बौद्धवाडा झाला, नाव बदललं पन जागा तीच ऱ्हायली, उधानाचं पानी आलं की पयलं आमच्याच उंबऱ्याला लागायचं. मी घरात सगळ्यात शेवटची म्हनून मला बारकी बोलायचे. शाळेत दुसरं नाव लावलं व्हतं पन ते कुनाच्या ध्यानात नाय. आता बघा, मी काय बारकी ऱ्हायलेय का, ह्या खुर्चीत बसायचं तं मला तिरकं व्हावं लागतं, पन सगळे अजून बारकीच बोलतात, नातवंडं बारकी आजी बोलतात.

तुमी मास्तरांचं इचारायला आलात आन् मी माझंच दळन दळत बसले. पन काय सांगू ताई, माझं सांगितल्याशिवाय मला मास्तरांचं सांगता येत नाय. तुमी खारघरला कालेजात शिकवता, तुमच्याकडं त्यांचा फोटो असेल, कंदी काय केलं ते कुनी लिवून दिलं असेल. ते मला नाय येत. मला भाकरी येते, मी भाकरीचंच सांगते.

आमच्याकडं लगीन म्हंजे हळदीच्या दिवशी भाकऱ्या, तांदळाच्या. गावातल्या सगळ्या बायका लगीनघरी जमायच्या, मांडवाच्या मागं चुली मांडायच्या, कोन उकड काढतेय, कोन मळतेय, कोन थापतेय, कोन तव्याशी बसलेय, आन् तोंडानं गानी चाललेली. आता माझी आय काय करायची, तं लगनाच्या आधी बोलावनं आलं की जायची आन् तांदूळ पाखडून निवडून द्यायची. पोतीच्या पोती तांदूळ. मी तिच्या संगती. खडे वेचून वेचून डोळ्यांत पानी यायचं. तेवढं चालायचं, कारन तांदूळ कोरडा हाय ना, कोरड्याला विटाळ नाय. एकदा का त्याचं पीठ झालं आन् पिठाला पानी लागलं की आमी बाजूला. मंग आमी लाकडं आनायची ती चुलीपासून लांब टाकायची, उष्टं उचलायचं, आन् सगळं झाल्यावर उरलेल्या भाकऱ्या आयच्या पदरात वरून टाकायच्या, म्हंजे हाताला हात लागायला नको. मी एकदा इचारलं, आय, तोच तांदूळ ना गं, आपनच निवडलेला. आय बोलली, तेव्हा तो तांदूळ व्हता, आता ते अन्न झालं, गप बस. माझी आय लय गरीब सोभावाची, कोन तिच्यावर ओरडलं तरी हात हीच जोडायची. मी तशी नाय. मी बापावर गेलेय, माझा राग नाकाच्या शेंड्यावर, ते तुमाला पुढं कळेलच.

तं मास्तर. मास्तर वरच्या आळीतले, आगरी, मोठं घर, बाप गावचा पंच. अंगानं काटकुळे, डोळ्याला जाड चष्मा, आन् आवाज असा हळू की वर्गात पोरांना गप बसावंच लागायचं, नायतर आयकू यायचं नाय. शाळेत त्यांनी येताच पयलं काय केलं तं पान्याचा माठ एकच ठेवला. आधी दोन व्हते. दुसऱ्या माठाचं काय केलं तं त्यात मोगरा लावला, शाळेच्या दारात. गावातली मान्सं आली, बोलली मास्तर, हे काय. मास्तर बोलले, मोगरा. एवढंच. असं त्यांचं बोलनं. लोकांना वाटतं समाजसुधारक म्हंजे मोठमोठ्यानं भाषन करनारा, पन मास्तरांना भाषन येतच नव्हतं, पंधरा आगस्टला सुद्धा दोन वाक्यं बोलून खाली बसायचे. बापानं त्यांचं ताट बाहेर वटीवर काढलं व्हतं, घरात जेवायचं नाय, जा तुझ्या महारवाड्यात. ते वटीवर बसून जेवायचे, बापाशी भांडन नाय, काय नाय, बाप समोरून गेला तं उठून उभे ऱ्हायचे.

पन लगनात गेले की त्यांचा एक सवाल असायचा. पंगतीला बसायचे, पान वाढून व्हायचं, भाकरी पडायची, आन् हे इचारायचे, पिठाला पानी कोनी लावलं. घरवाला सांगायचा, अमक्याची बायको, तमक्याची सून. मंग मास्तर इचारायचे, तांदूळ कोनी निवडला. तो सांगायचा, बारकीच्या आयनं. मंग मास्तर बोलायचे, तांदूळ तिनं निवडला तं चाललं, मंग पान्यानं काय पाप केलं. आन् हात जोडून पानावरून उठायचे. रागवायचे नाय हां. नवरानवरीवर अक्षता टाकायचे, आहेर द्यायचे, आन् उपाशी चालू लागायचे. दर लगनात. एकदा एका म्हाताऱ्यानं खोटंच सांगितलं, हो मास्तर, बौद्धवाड्यातल्या बाईनंच लावलं पानी, तुमी जेवा. मास्तर बोलले, बरं झालं, बोलवा तिला, माझ्या बाजूला जेवायला बसवा. म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. गावाला त्यांना टाळता पन येईना, शाळेच्या मास्तरला आवतन दिलं नाय तं कसं दिसेल, आन् दिलं तं हा पानावरून उठनार.

आन् गंमत सांगू का, मास्तरांना भूक अजिबात सोसायची नाय. उपाशी ऱ्हायलं की डोकं धरायचं त्यांचं. मंग लगनातून निघाले की सरळ खाली आमच्या दारात. बाय, काय हाय का. आय घाबरून जायची, मास्तर, कोन बघेल. बघू दे ना, ते बोलायचे, त्याच्यासाठीच दिवसाउजेडी आलोय. आन् आमच्या अंगनात बसून भाकरी न् सुकटीची चटनी खायचे, अशी खायचे, अशी खायचे की आमची हांडी रिकामी. मी आयला बोलायचे, गावात लगीन असलं की आपल्याकडं जास्तीची भाकरी टाकत जा, पाहुना येतोय. आय हसायची. मास्तर नसते तं आय हसलेली मी कंदी बघितली नसती, असं वाटतं मला.

असं चाललं व्हतं, मंग मास्तरांचा बाप गेला आन् मागं त्यांच्या बहिनीचं लगीन निघालं. आता ते घरातले मोठे, आवतन त्यांनी द्यायचं. आमच्याकडं दोन परकारचं आवतन असतं ताई, एक मान्साला, की घरातल्या एकानं या, आन् एक चूलबंद, म्हंजे घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाय, सगळ्यांनी या. मास्तर हातात अक्षता घेवून खाली आले आन् आमच्या वाड्यात दारोदार चूलबंद आवतन दिलं. आमच्या वाड्याच्या जलमात कुनी असं आवतन दिलं नव्हतं. आमाला तं काय बोलायचं ते पन ठाव नव्हतं, आय नुसती रडायला लागली. आन् मास्तर मला बोलले, बारके, तू येतेस का पिठाला पानी लावायला. मी तेव्हा सतरा-अठराची. मी बोलले, येते.

गेले मी. हळदीची सकाळ, चुली पेटलेल्या, बायका बसलेल्या. मी परातीत हात घातला. एकेक बाई उठली, पदर झटकला आन् गेली. गानं मधीच थांबलं. मागं कोन ऱ्हायलं तं मी, माझी आय, आन् मास्तरांची बायको, काकी, नवीनच लगीन होवून आलेली. काकी चुलीशी बसून ऱ्हायली, तवा सांभाळत. तिचं तोंड बघवत नव्हतं. मंग मास्तर आले, धोतर वर खोचलं आन् बसले थापायला. काय सांगू तुमाला, त्या भाकऱ्या. एक जाड, एक फाटलेली, एकीला नुसतं टोक निघालेलं. मी बोलले मास्तर, तुमी उठा, तुमी पीठ वाया घालवताय. ते बोलले, शिकव मला. मी बोलले, शिकवायचा टायम हाय का हा. त्या दिवशी मी मास्तरांवर ओरडले, आय माझ्याकडं बघतच ऱ्हायली.

नवऱ्याकडली मान्सं उष्टी हळद घेवून करंजा गावाहून आली, उन्हातान्हात. पंगत बसली पन कोन जेवेना, कुनीतरी कानात सांगितलं असनार. मास्तर मधी उभे, हात जोडलेले. मला वाटलं आता हे लगीन मोडतंय, आन् मोडलं तं माझ्या हातानं मोडलं, त्या पोरीचं पुढं काय व्हईल. तेवढ्यात नवऱ्याचा बाप, बंदरावर जलम गेलेला मानूस, आवाज असा दांडगा, तो बोलला, पहाटे निघालोय मी, पोटात कावळे वरडतायत, कालवन गार व्हतंय, ज्याला सोवळं पाळायचं त्यानं घरी जावून पाळा. आन् भाकरी मोडली. खाल्ली. मंग बोलला, मऊ हाय. झालं. त्याच्या बाजूच्यानं मोडली, मंग पुढच्यानं. सगळे नाय जेवले, अर्धेअधिक उठून गेले, पन दुसऱ्या दिवशी लगीन लागलं. मी मांडवाच्या मागं जावून परात घासत बसले.

त्या दिवशी काकी जेवली नाय. बोलली, उपास हाय. मास्तरांना ते खरं वाटलं, त्यांना बायकांचे उपास कुठले माहीत. मला कळलं. हळदीला कसला आलाय उपास. पुढं पन मी त्या घरी भाकऱ्या थापायला गेले की काकीचा काय ना काय उपास असायचाच. मी मास्तरांना कंदी बोलले नाय. मी मनात बोलायचे, बघू किती दिवस तुझा देव उपाशी ठेवतो तुला. मंग काकी बाळंत झाली, अंगात ताप भरला, तोंडाला चव नाय, कोनाच्या हातचं खाईना, आन् मला निरोप आला, काकी बोलतेय बारकीला सांगा मऊ भाकरी थापून आन. मी नेली. तिनं दुधात कुस्करून खाल्ली. मी बोलले, काकी, आज उपास नाय वाटतं. ती बोलली, गप गं, आन् रडायला लागली, मी पन रडले, आन् मंग दोघी हसलो. त्याच्यानंतर तिनं कंदी उपास काढला नाय.

माझं लगीन मामाच्या पोराशी झालं, त्याच वाड्यात, म्हनून मी गावातच ऱ्हायले. गाव एका दिवसात नाय बदललं हां ताई, तुमी तसं लिवू नका. ज्या बायका उठून गेल्या त्यातली एक परत आली, मंग दोनचार वरसांनी दुसरी, कुनाची पोरं मास्तरांकडं शिकलेली, त्यांनी आयांना समजावलं, काही तं मरेपर्यंत आल्या नाय. पन मास्तरांनी सवाल सोडला नाय, आन् हळूहळू असं झालं की पंगतीत मास्तर तोंड उघडायच्या आधीच घरवाला बोलायचा, बारकीनं लावलं मास्तर, बारकीनं, जेवा आता. लोकं हसायची. आन् पुढं तं रीतच पडली, लगीन कुनाचं असू दे, पयली उकड बारकीनं मळायची, पयली भाकरी बारकीनं तव्यावर टाकायची. का तं बारकीच्या हातची फुगते. कशामुळं सुरू झालं ते नव्या सुनांना ठाव पन नव्हतं. पन आवतन मात्र दर टायमाला आलं पायजे, ते मी मास्तरांकडूनच शिकले. दारात येवून, अक्षता देवून, मंग मी जानार. नुसतं पोरगं धाडून बोलावलं तं मी नाय जायची.

मास्तर गेले तेव्हा गाव विमानतळाला जानार अशी नुसती कुजबूज व्हती. झोपेतच गेले, त्रास नाय झाला. अख्खा गाव, वरचा न् खालचा, एका रांगेत चालला. मंग शाळेत फोटो लागला, दर वरसाला हार, कुनीतरी पुढारी यायचा, भाषन करायचा. मी जायचे, मागं बसायचे. भाषन आयकताना मला एकच वाटायचं, फोटोला हार घालतात ठीक हाय, पन आता पंगतीत तो सवाल कोन इचारनार.

कारन गावाचं रूप पालटलं व्हतं. जमिनीचे पैसे आले, बंगले झाले, लगनं पनवेलच्या भाड्याच्या लानवर, हिरवळीवर, व्हायला लागली, केटरर आला, भाकऱ्या बाहेरून यायला लागल्या. आमाला बायकांना एकत्र बसायचं निमितच ऱ्हायलं नाय. आन् तशात मास्तरांच्या नातीचं लगीन निघालं, प्रनालीचं. लगीन लानवर, पन हळद घरी, विमानतळापायी गाव उठायच्या आधी त्या अंगनातली शेवटची हळद, काकीनं हट्ट धरला व्हता की भाकऱ्या चुलीवरच झाल्या पायजेत. नवरा मुलगा पुन्याचा, दोघं एकाच कंपनीत कामाला. मी मनात तयारी करून बसले. प्रनालीला मी अंगाखांद्यावर खेळवलेली, तिची तेल-आंघोळ मी केलेली. मी नवीन लुगडं काढून ठेवलं.

आन् आवतन आलं नाय. मास्तरांचा मुलगा, बाळाराम, स्वता वाड्यात आला कारडं घेवून. शेजारच्या यमुनाकडं गेला, चूलबंद बोलला, पलीकडं गेला, तिकडं चूलबंद, सगळी घरं घेतली, आन् माझ्या दारावरनं, काय बारकी काकी, बरी हायस ना, असं बोलून पुढं गेला. मी दारात उभी. मला वाटलं इसरला, परत येईल. नाय आला. दुसऱ्या दिवशी नाय, तिसऱ्या दिवशी नाय. यमुना बोलली, अगं राहून गेलं असेल, माझ्या संगती चल. मी बोलले, मी काय तुझ्या शेपटीला बांधलेली हाय का, बिनआवतनाची मी जानार नाय. यमुना बोलली, इचार ना मंग जावून. इचारू. मी इचारू, मला का बोलावलं नाय म्हनून. मरून जाईन पन इचारनार नाय.

डोक्यात एकेक यायला लागलं. पुन्याची मान्सं हायत, शिकलेली, सोवळ्याची असतील, त्यांनी इचारलं असेल भाकरी कोनाच्या हातची. आन् बाळारामच्या घरच्यांनी बोललं असेल, पाहुन्यांसमोर कशाला, बाकीच्यांना जेवायला बोलावू, एका बाजूला बसून जेवतील न् जातील, पन हिला बोलावली तं ही पिठात हात घालनार. तसंच असनार. मला माझ्या अपमानाचं एवढं नव्हतं ताई, खरं सांगते, अपमान मी लहानपनापासून गिळलेत. मला मास्तरांचं वाईट वाटत व्हतं. अख्ख्या गावात पानावरून उठले, उपाशी ऱ्हायले, डोकं धरून बसले, आन् त्यांच्याच घरात, त्यांच्याच अंगनात, ते संपलं. मला झोप लागेना, जेवन जाईना.

हळदीचा दिवस उजाडला. सकाळपासून वर स्पीकर चाललेला. सगळा वाडा नटूनथटून गेला, चुली सगळ्यांच्या थंड, मी माझी चूल मुद्दाम पेटवली. बोलले, मला काय चूलबंद आवतन नाय, मी माझी भाकरी खाईन. भाकरी थापली, तव्यावर टाकली, ती पन फुगली नाय मेली. ताटात घेवून नुसती चिवडत बसले.

आन् बाहेरून काठीचा आवाज आला. बघते तं काकी. गुडघे गेलेले, कंबर वाकलेली, देवळाच्या पुढं कंदी येत नव्हती ती, भर उन्हात उतार उतरून माझ्या दारात. धापा टाकतेय. मी उठले. ती चुलीकडं बघते, ताटाकडं बघते, माझ्याकडं बघते. मंग सुटली बोलायला. काय गं भवाने, इथं काय करतेस, तिकडं बायका परातीवर फडकं टाकून बसल्यात, आधन आटलं दोनदा, पिठाला पानी लावायला कोन हात पुढं करीना, बोलतात बारकी आल्याशिवाय कसं, सगळ्यांना वाटलं तू आजारी पडलीस, आन् तू इथं भाकरी खातेस.

मी बोलले, काकी, मला आवतन नाय आलं.

काकीला कळेचना मी काय बोलतेय. मंग बोलली, कसलं आवतन. मी बोलले, बाळाराम सगळ्या घरांत आला, माझ्याकडं नाय आला. आन् काकीनं कपाळावर हात मारून घेतला. अगं येडे, बोलली, आवतन बाहेरच्याला देतात. माझ्या नंदेला मी आवतन दिलं का, करंज्याहून आपली आपन आली चार दिवस आधी. सुनेला दिलं का. घरच्या बाईला कुनी अक्षता घेवून बोलवायला जातं का, मी काल वाट बघितली, बोलले नारळ खोवायला येईल, आज सकाळी बोलले उकड काढायला येईल, प्रनाली सारखी इचारते बारकी आजी कुठंय, आन् तू, तू आवतन मागतेस. तेव्हा मास्तर सगळ्यांच्या दारात गेले म्हनून आता जलमभर तुला दारातच बसून ऱ्हायचंय का गं.

काय सांगू तुमाला मला काय झालं ते. मी खालीच बसले. सुटल्यासारखं झालं, छातीवर कुनी जातं ठेवलेलं ते कुनी उचललं. मी रडतेय न् हसतेय, काकी बोलतेय उठ, आधन आटतंय, नाटकं मागनं कर. मी तांब्याभर पानी घेतलं आन् माझी चूल इझवली. नवीन लुगडं नेसायला पन टायम दिला नाय तिनं. तशीच गेले, घरच्याच लुगड्यावर, ती एका हातानं काठी धरून, एका हातानं माझा खांदा धरून.

बायका खरंच परातीवर फडकं टाकून बसल्या व्हत्या. मला बघून एक बोलली, आली बाय आली, पाटलीनबाय आली. मी हात धुतले, फडकं काढलं, पानी लावलं. प्रनाली हळदीनं पिवळी झालेली, तशीच धावत आली आन् गळ्यात पडली, माझं पोलकं सगळं पिवळं. आन् ती पुन्याची, मुलाची आई, चष्मावाली, साडी नीट खोचून माझ्यासमोर बसली, बोलली, आजी, मला पण शिकवा ना, मला तांदळाची भाकरी थापताच येत नाही. मी मनात बोलले, देवा, मी ह्या बाईला रातभर काय काय बोलले. तिनं थापली. फाटली. अगदी मास्तरांसारखी. काकीला मी दाखवली, बोलले, काकी, ही बघ, कोनाची आठवन येते. काकी बोलली, ती भाकरी इकडं दे, ती मी खाते.

काकी पन गेली आता. गाव गेलं. आमाला खांदा कॉलनीत ही जागा मिळाली, मुलगा, सून, नातवंडं, सगळी हायत. बिल्डिंगीत सगळ्या परकारची मान्सं, कोन कोनाला जात इचारत नाय, निदान तोंडावर तरी नाय, भाकऱ्यांची आर्डर असते, मी बसून थापते, सून भाजते. गुडघे बोलतात पन हात चालतात. मला काय कमी नाय. मास्तरांचा फोटो त्या भिंतीवर हाय बघा, हार नाय घातला मी, ते मला मेलेले वाटत नाय. तुमी त्यांच्यावर लिवता ते बरं करता, तुमचं चांगलं व्हवो, पोरांना वाचायला मिळेल. फकस्त मोगऱ्याचं लिवायला इसरू नका.

आन् परवाची गंमत सांगते, मंग तुमी चहा घ्या. प्रनालीच्या भावाचं लगीन ठरलंय. ते आता नव्या पनवेलला टावरमधी ऱ्हातात. दारात कुरियरवाला आला, पाकीट दिलं, सुनेनं वाचलं, माझं नाव, ते शाळेतलं, जे कुनाच्या ध्यानात नाय, छापील, सहकुटुंब सहपरिवार या. मला असा राग आला. मी नातवाला बोलले, लाव फोन प्रनालीला. ती बोलली, आजी, मिळालं का कार्ड, छान आहे ना. मी बोलले, हो, छान हाय, परत धाडतेय, ज्यांना द्यायचं त्यांना दे, मी काय परकी हाय का. ती हसायला लागली, अगं आजी, सगळ्यांनाच पाठवलंय गं. मी बोलले, सगळ्यांना पाठव, मला नको. आन् तुझ्या आयला सांग, मी आदल्या दिवशी येतेय ऱ्हायला, माझ्याआधी कोनी पिठाला पानी लावू नका.